ऊन पाण्याचा पहिला मान

माझ्या शिलाई मशीनच्या डाव्या खणात अजून नदीतले खडे पडलेले आहेत. बोराएवढे, गुळगुळीत. बाप्तिस्म्याच्या झग्याच्या घेरात ते शिवायचे असतात. बाईमाणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरलं की झगा फुगून वर येतो आणि तिची पंचाईत होते. म्हणून घेराची पट्टी दुमडताना दर वितीला एक खडा आत घालायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. एका वर्षी एका बाईची झालेली फजिती बघितली आणि पुढच्या वर्षी खडे गोळा करून आणले.

मी गावची टेलर. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश आणि वर्षातून एकदा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पांढरे झगे. लग्न करून दोन वर्षं सासरी काढली, ते जमलं नाही, तेव्हापासून आबांच्या, म्हणजे बापाच्या घरात मशीन टाकून बसले आहे. नवापूरच्या पुढे, गुजरातची हद्द लागायच्या आधी, डोंगराच्या कडेला आमचं गाव. भात आणि तूर, आणि ते संपलं की ऊसतोडीला हद्दीपलीकडे. घरात आम्ही आमची बोली बोलतो. इथे शाळेतल्या मराठीत लिहितेय, त्यामुळे माझा राग जरा सभ्य वाटेल. तसा तो नाही. मंडळीत माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात.

आमची मंडळी बाप्टिस्ट, चाळीसेक घरांची. आमच्यात लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा झाला, त्याला स्वतःला कळलं, त्याने सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली, की मग पाण्यात. आणि पाण्यात म्हणजे पूर्ण पाण्यात. पास्टर एक हात पाठीला लावतात, एक छातीवरच्या जोडलेल्या हातांवर ठेवतात आणि मागे आडवं करून डोक्यावरून पाणी जाऊ देतात. जुना माणूस पुरला गेला, नवा वर आला. डोक्यावर चार थेंब शिंपडणं आम्ही धरत नाही. आबांना लहानपणी जुन्या मिशनच्या मंडळीत शिंपडलेलं होतं. या मंडळीत आले तेव्हा त्यांना पुन्हा नदीत उतरावं लागलं. त्यावरून त्यांच्या सख्ख्या भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. "म्हणजे आपल्या आईबापाने केलं ते खोटं?" असं तो म्हणाला होता. आबांनी भाऊ गमावला, पण बुडून आले. मी या घरात वाढले, तेव्हा माझी मतं किती कडक असतील ते समजून घ्या.

आणि माझी धाकटी बहीण सिकलसेलची.

आमच्या पट्ट्यात या रक्ताच्या आजाराचं घरटी कुणीतरी असतंच. हिचं दुखणं जरा जास्तच होतं. थंडी लागली, दमली, ताप आला, की हातापायांची हाडं आतून ठणकायला लागायची आणि ती उशी दातात धरून पडायची. ओरडायची नाही. आई गेली तेव्हा ती आठवीत होती, तेव्हापासून तिच्या गोळ्या, तिचं कार्ड, तिचे मोजे, सगळं माझ्याकडे. उपकेंद्रातल्या सिस्टरने मला पाठ करून ठेवायला लावलं होतं: पाणी भरपूर पाजा आणि थंडीपासून जपा. मी दोन्ही पाळत होते. उन्हाळ्यातसुद्धा तिला आंघोळीला पाणी तापवून द्यायचे. ती चिडायची. "ताई, तू मला एक दिवस शिजवशील," म्हणायची.

तिला बाप्तिस्मा हवा होता. तीन वर्षं हवा होता. आमच्याकडे बाप्तिस्मे वर्षातून एकदाच, नाताळानंतरच्या रविवारी, कारण तेव्हा ऊसतोडीची माणसं सणाला परत आलेली असतात आणि बंधाऱ्यात पाणी असतं. होळीपर्यंत नदी कोरडी. तीन वर्षं डिसेंबर आला की हिला थंडी बाधायची आणि नाव मागे पडायचं.

ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला प्रभुभोजन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट हातोहात फिरतं. ती माझ्या शेजारी बसायची. ताट तिच्याकडे आलं की ती ते दोन्ही हातांनी धरायची, त्यातल्या तुकड्यांकडे बघायची आणि माझ्याकडे द्यायची. तेवीस वर्षांची बाई, आणि पंधरा वर्षांची पोरं शेजारी भाकर चावत बसलेली. घरी येताना एकदा म्हणाली, "मी किती वर्षं जगेन ते मला माहीत आहे ताई. एकदा तरी ते ताट माझ्यापाशी थांबू दे." मी तिला गप्प बस म्हणाले. असलं काही ऐकलं की मला रागच यायचा.

हद्दीपलीकडे एक म्हातारे पास्टर होते. तेही बाप्टिस्टच, पण त्यांचं म्हणणं वेगळं. आजारी माणसाला घरी जाऊन डोक्यावर तांब्याने पाणी ओतायचे आणि झाला बाप्तिस्मा म्हणायचे. आमचे पास्टर त्यांच्याबद्दल वाईट बोलत नसत, पण त्यांच्याकडे ओतून घेतलेल्याला आमच्याकडे सभासद धरत नसत. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आबांनी मला न विचारता त्यांना निरोप धाडला. ते मोटारसायकलवर मागे बसून आले, आमच्या अंगणात खाटेवर टेकले, काळा चहा प्याले.

म्हणाले, "पोरी, तुझा विश्वास खरा असेल तर पाणी किती, हे देव मोजत बसत नाही. घरात उभी राहा, मी आत्ता देतो."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं. तेव्हा मी मशीनवर होते आणि पाय थांबवलासुद्धा नाही. मी म्हणाले, "पास्टर, तुम्ही मोठे आहात. पण तुमच्या तांब्यावर आमची मंडळी तिला ताट देणार नाही. आणि खरं सांगू, मीही देणार नाही. झाडाला पाणी घालतात तसं घालून बाप्तिस्मा होत असता तर आमच्या बापाने आपला भाऊ कशाला सोडला असता?"

आबा खाली मान घालून बसले. म्हातारे पास्टर चिडले नाहीत. त्यांनी बहिणीला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "ताई म्हणते तसंच."

त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं मला. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

मग मी कामाला लागले. पास्टरना जाऊन म्हणाले, नदीत नको, प्रार्थनाघराच्या मागे बांधकामाच्या वेळचा सिमेंटचा हौद आहे, त्यात करा, आणि पाणी आम्ही तापवून घालू. त्यावर मंडळीची मीटिंग बसली. बाप्टिस्टांचं सगळं मीटिंगमध्ये ठरतं, हात वर करून. मंडळीचे एक जुने वडील, म्हणजे पंचासारखे कारभारी, म्हणाले, साठलेल्या पाण्यात कसला बाप्तिस्मा, पाणी वाहतं पाहिजे. दुसऱ्याने विचारलं, तापवलेलं पाणी चालतं असं कुठे सांगितलंय? पास्टर म्हणाले, थंड पाहिजे असं तरी कुठे सांगितलंय? पाणी वाहतं असो, साठलेलं असो, माणूस पूर्ण झाकला गेला पाहिजे, तेवढं धरून राहू. दोन तास आम्ही सगळे पाण्यावर बोललो. किती खोल, किती ऊन, कुठलं. अखेर ठरलं की त्या वर्षी सगळ्यांचेच बाप्तिस्मे हौदात करायचे, म्हणजे हिला वेगळं काढल्यासारखं होणार नाही. आणि सगळ्यात आधी तिला घ्यायचं, पाणी सगळ्यात ऊन असेल तेव्हा. हे शेवटचं मीच सुचवलं होतं. सगळ्यांना पटलं. "बरोबर आहे, पहिला मान तिचा," असं तेच जुने वडील म्हणाले.

झगाही मीच शिवला. आदल्या वर्षी बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणी टवाळाने एका मुलीचा ओल्या झग्यातला फोटो मोबाइलवर काढला होता. टेरिकॉट भिजलं की अंगाला चिकटतं, सगळं दिसतं. तो फोटो गावभर फिरला. त्या मुलीने पुढे प्रार्थनेला येणंच सोडलं. तेव्हा बायकांनी मला सांगितलं, बाई, काहीतरी कर. मी नवापूरच्या कापडदुकानात गेले आणि जाड मांजरपाट मागितला. दुकानदार खालच्या सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा. ठाण उलगडून म्हणाला, "हाई कापड चांगलं शे ताई, फाटाव नही. पन सुकाले येळ लागस." मी म्हणाले, सुकायची कुणाला घाई आहे? बायकांचे झगे मी दुहेरी शिवले, बाहेर एक थर, आत एक. बहिणीच्या झग्याला बाह्या मनगटापर्यंत घेतल्या. थंडी लागू नये म्हणून.

रविवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं आणि डोंगराकडून वारा सुटला होता. नाताळच्या जेवणाच्या मोठ्या डेगी चुलाणावर चढवल्या होत्या. बायका पाणी उपसून हौदात ओतत होत्या आणि बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघत होत्या. वाफ येत होती. बहिणीने साक्ष दिली. ती काय बोलली ते मला नीट आठवत नाही, कारण मी तिच्या झग्याची मागची शिवण बघत होते, ती जरा वाकडी आली होती. मग ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली. पास्टरांनी तिला मागे आडवं केलं. पाण्याने तोंड झाकलं, केस पसरले, आणि ती वर आली. झगा इंचभरही फुगला नव्हता. ती हसत होती. मी तिला आईच्या मरणानंतर इतकी हसताना पाहिलं नव्हतं.

आमच्यात एक रीत आहे. बाप्तिस्मा झालेला माणूस लगेच कपडे बदलायला जात नाही. तो हौदाच्या किंवा नदीच्या काठाला ओल्या झग्यात उभा राहतो आणि गाणं म्हणतो, शेवटचा माणूस पाण्यातून वर येईपर्यंत. मग पास्टर सगळ्यांना एका रांगेत उजवा हात देतात, मंडळीत घेतात, आणि त्यानंतरच सगळे मिळून कपडे बदलायला जातात. आधी जाणं म्हणजे रांग मोडणं. असं कधी कुणी केलेलं नाही.

त्या दिवशी अकरा जण होते. ती पहिली.

म्हणजे तिच्यानंतर दहा साक्षी, दहा जणांचं बुडणं, मध्येमध्ये डेगीतलं पाणी ओतणं, एका म्हाताऱ्याला पायऱ्या उतरवताना गेलेला वेळ. ती काठावर उभी होती, मांजरपाटाच्या दोन थरांतून पाणी गळत होतं आणि वारा नेमका तिच्या बाजूने येत होता. मी समोर पाच हातांवर उभी होते. माझ्या खांद्यावर शाल होती, तिच्यासाठीच आणलेली. मी तिचे ओठ पाहिले. हनुवटी थरथरताना पाहिली. मला वाटलं, आनंदाने. मग वाटलं, नाही, थंडीने. मग वाटलं, चारच जण राहिलेत. मी एक पाऊल पुढे टाकलं तर तिने मान हलवली, नको म्हणून. तिला रांगेत उभं राहायचं होतं. तीन वर्षं वाट बघितली होती तिने त्या रांगेची. आणि मी, जिच्या तोंडाला सगळी मंडळी टरकून असते, ती मी चार माणसं काय म्हणतील म्हणून शाल खांद्यावर घेऊन गप्प उभी राहिले. दोन तास पाण्यावर वाद घातलेल्या आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला वारा लागतो. गावातली गाढवंसुद्धा भिंतीच्या आडोशाला उभी राहतात. आम्हाला तेवढीही अक्कल नव्हती.

सोमवारी सकाळी तिचे पाय ठणकायला लागले, दुपारपर्यंत छातीत दुखू लागलं. जीप करून नवापूरला नेलं, तिथून नंदुरबारला पाठवलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, "थंड पाण्यात भिजली होती का?"

मी म्हणाले, "नाही डॉक्टर. पाणी ऊन होतं. कोपराने बघून घातलं होतं."

"मग ओल्या कपड्यात राहिली का?"

उत्तर आबांनी दिलं. "तासभर," ते म्हणाले.

मंगळवारी आमचे पास्टर भेटायला आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. ऑक्सिजनची नळी बाजूला करून तिने त्यांना विचारलं, मला इथे भाकर देता येईल का? ते म्हणाले, प्रभुभोजन मंडळी जमते तिथेच असतं बेटा, महिन्याचा पहिला रविवार आलाच आहे, आम्ही तुझी वाट बघू. ते तिच्या भल्यासाठीच बोलले. मीही मान डोलावली. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, रविवारी पांढरी साडी काढून ठेव, बारीक काठाची." बुधवारी दुपारी ती गेली. चार दिवस कमी पडले.

तिला त्याच पांढऱ्या साडीत पुरलं. झगा मंडळीच्या मालकीचा असतो, तो धुवून ट्रंकेत ठेवायचा असतो. मी धुतला आणि अंगणात दोरीवर टाकला. संध्याकाळी हात लावला, ओला. दुसऱ्या दिवशी दुपारी हात लावला, घेर अजून ओलाच. मी तिथेच मातीत बसले आणि घेराची शिवण उसवून एकेक खडा काढला. शेजारीण म्हणाली, अगं झगा फाडतेस काय? मी तिला काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर मंडळी बदलली. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसं. पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर पास्टरांनी मीटिंग बोलावली. रीत मोडली: पाण्यातून आलेल्या माणसाने ताबडतोब कपडे बदलायचे. ते सगळ्यांनी मानलं, मीही हात वर केला. मग ते म्हणाले, आणखी एक गोष्ट आहे. जे आजारी आहेत, ज्यांना पाण्यात उतरणं धोक्याचं आहे, त्यांना घरी डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा आणि मंडळीने तो पूर्ण धरावा.  "आपण एक लेकरू गमावलं आहे," ते म्हणाले.

पहिला हात आबांचा वर गेला. ज्या माणसाने बुडण्यापायी सख्खा भाऊ सोडला, त्याचा. मग त्या जुन्या वडिलांचा. मग सगळ्यांचे. बायका माझ्याकडे बघत होत्या, कारण हे माझ्यासाठीच चाललंय असं त्यांना वाटत होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. माझं डोकं एवढंच म्हणत होतं की ओतून पुरतं, तर मग माझ्या अंगणात खाटेवर बसून ते म्हातारे पास्टर तेच देत होते. तेच, आणि फुकट. आता तुम्ही हात वर करून ते खरं ठरवाल, तर मी काय केलं? पास्टरांनी विचारलं, विरोधात कुणी? मी तेव्हाही हात वर केला नाही. ठराव झाला.

घरी येताना आबांना म्हणाले, "तुम्ही हात कसा वर केलात?"

 ते म्हणाले, "मला त्या दिवशी अंगणातच वर करायचा होता. तू मशीन थांबवलं नाहीस."

त्यात चीड नव्हती. असती तर मला भांडता आलं असतं.

पहिला तसा बाप्तिस्मा आमच्याच गल्लीतल्या एका म्हातारीचा झाला. दम्याची, खाटेवरून उठून बसायची तेवढंच. तिच्या सुनेने मला विचारलं, झगा लागेल का? पास्टर म्हणाले, काही गरज नाही, आहे त्या लुगड्यावर चालेल. मी दारात उभी राहून बघितलं. पितळेच्या तांब्यात ऊन पाणी होतं. पास्टरांनी तीनदा ओंजळीएवढं ओतलं. सुनेने लगेच टॉवेलने डोकं पुसलं, पदर सारखा केला. तांब्यातलं पाणी अर्धंसुद्धा संपलं नाही. म्हातारीची पावलं गोधडीवर कोरडी होती. मला त्या पावलांचा राग आला. बिचारीने माझं काय वाकडं केलं होतं? तरी आला, आणि अजून जात नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी तिला खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि बायकांच्या बाजूला ठेवलं. माझ्या शेजारी, कारण तिथेच जागा रिकामी होती. ताट फिरत फिरत तिच्याकडे आलं. तिने भाकरीचा तुकडा घेतला, तोंडात घातला, दात नव्हते म्हणून बराच वेळ चघळत राहिली आणि रडली. मग ताट माझ्याकडे केलं.

मी ते दोन्ही हातांनी धरलं, तुकड्यांकडे बघितलं आणि पुढच्या बाईकडे दिलं. तेव्हापासून दर महिन्याला तसंच देते.